सक्तीचा नमस्कार

१४ सप्टेंबर २०२५ रोजी दुबई येथे आशिया चषकाच्या सामन्यात नाणेफेकीच्या वेळी भारताचा कर्णधार सूर्यकुमार यादव याने पाकिस्तानचा कर्णधार सलमान आगा याच्याशी हस्तांदोलन केले नाही, आणि सामना जिंकल्यावर भारतीय खेळाडू प्रतिस्पर्ध्यांकडे न वळता आपल्या कक्षात निघून गेले. त्या वर्षीच्या एप्रिलमधील पहलगामच्या हत्याकांडाची आणि त्यानंतरच्या लष्करी संघर्षाची पार्श्वभूमी या कृतीला होती. पुढे जो गहजब झाला तो मैदानापेक्षा राजदरबारात शोभावा असा होता. सामनाधिकारी अँडी पायक्रॉफ्ट यांना दूर करण्याची मागणी पाकिस्तानने केली आणि त्या वादापायी पाकिस्तानचा संयुक्त अरब अमिरातीशी असलेला सामना तासभर उशिरा सुरू झाला. ऑक्टोबरमध्ये महिलांच्या विश्वचषक स्पर्धेत कोलंबोलाही हाच प्रकार घडला. कोणी याला राष्ट्रीय बाणा म्हटले, कोणी खिलाडूवृत्तीचा अभाव म्हटले. तथापि दोन्ही पक्षांना एक गोष्ट न बोलता मान्य होती: न दिलेल्या हातालाही अर्थ असतो, आणि तो असतो याचे कारण हात देणे वा न देणे हे देणाऱ्याच्या इच्छेवर असते. क्रिकेटच्या नियमांत हस्तांदोलनाची सक्ती नाही.

ही इच्छाच काढून घेतली तर अभिवादनाचे काय उरते, हा प्रश्न गेल्या दशकात युरोपातील काही सुसंस्कृत व सुस्थित राष्ट्रांनी आपल्या कायद्यांनी आणि न्यायनिर्णयांनी उभा केला आहे. आपल्याकडे त्याची फारशी चर्चा झाली नाही. ती व्हावयास हवी होती, कारण त्या वाटेने आपणही चार पावले टाकलेली आहेत.

डेन्मार्कच्या संसदेने डिसेंबर २०१८ मध्ये नागरिकत्वाच्या कायद्यात दुरुस्ती केली. १ जानेवारी २०१९ पासून नव्या नागरिकाने नगरपालिकेच्या समारंभास उपस्थित राहून तेथील प्रतिनिधीशी हस्तांदोलन करणे आवश्यक ठरले. हातमोजे चालणार नाहीत, तळहाताला तळहात लागला पाहिजे, इतक्या तपशिलात ही तरतूद गेली होती. भाषेची परीक्षा, वास्तव्याची वर्षे, निष्कलंक चारित्र्य या साऱ्या अटी पूर्ण केल्यावरही या एका क्षणावर नागरिकत्व अडून राहावे अशी ही योजना होती. परस्त्रीच्या किंवा परपुरुषाच्या हाताला स्पर्श न करण्याचे धार्मिक बंधन पाळणारे मुसलमान तिच्या नजरेसमोर होते, हे पुरस्कर्त्यांनी फारसे लपविलेही नाही. असेच बंधन सनातनी ज्यू पाळतात, ते ओघानेच त्यात सापडले. काही नगराध्यक्षांनीच या नियमाबद्दल उघड नापसंती व्यक्त केली, कारण पाहुण्याचा हात बळेच धरण्याचे काम त्यांच्या वाट्याला आले होते.

मग २०२० चा मार्च महिना उजाडला. ज्या देशाने हस्तांदोलन अनिवार्य केले होते त्याच देशाच्या सरकारला कोणीही कोणाचा हात हाती घेऊ नये असे सांगणे भाग पडले. समारंभ स्थगित झाले. आणि हस्तांदोलनावाचून नागरिकत्व पूर्ण होत नसल्याने, सर्व अटी पुऱ्या केलेली माणसे हात आखडून ताटकळत राहिली. एका विषाणूने कायद्याची अशी शोभा केल्याचे उदाहरण विरळाच.

डेन्मार्क एकटा नव्हता. स्वित्झर्लंडमध्ये शाळेत येताना व जाताना विद्यार्थ्याने शिक्षकाशी हस्तांदोलन करण्याची जुनी चाल आहे. बाझेलजवळच्या थेरविल गावी सीरियातून आलेल्या दोन किशोरवयीन भावांनी शिक्षिकांशी हस्तांदोलन करण्यास नकार दिला. शाळेने मोठ्या शहाणपणाने तोडगा काढला: त्यांनी शिक्षिकांशीही करू नये आणि शिक्षकांशीही करू नये, म्हणजे भेदभावाचा प्रश्न उरणार नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये ही बातमी फुटली आणि देशभर वादळ उठले. न्यायमंत्री सिमोनेत्ता सोमारुगा यांनी हस्तांदोलन हा आपल्या संस्कृतीचा भाग असल्याचे बजावले. मे महिन्यात त्या प्रांताच्या शासनाने शाळेचा तोडगा रद्द केला आणि पालकांना पाच हजार फ्रँकपर्यंत दंड होऊ शकेल असे जाहीर केले. त्या कुटुंबाच्या नागरिकत्वाच्या अर्जाचे कामही थांबविण्यात आले. दोन वर्षांनी लोझान शहराने एका दांपत्याला याच कारणास्तव नागरिकत्व नाकारले. त्याच वर्षी, २०१८ च्या एप्रिलमध्ये, फ्रान्सच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने एका अल्जीरियन स्त्रीला नागरिकत्व नाकारण्याचा सरकारचा निर्णय उचलून धरला. फ्रेंच नागरिकाशी तिचा विवाह झालेला होता, आणि समारंभात पुरुष अधिकाऱ्यांचा हात हाती घेण्याचे तिने टाळले होते.

जर्मनीतील प्रकरण याहून बोलके आहे. लेबनॉनहून २००२ मध्ये आलेला एक तरुण तेथेच वैद्यक शिकला, डॉक्टर झाला, राज्यघटनेवरील निष्ठेचे लेखी वचन त्याने दिले, आणि नागरिकत्वाच्या परीक्षेत पैकीच्या पैकी गुण मिळविले. २०१५ मध्ये प्रमाणपत्र देताना महिला अधिकाऱ्याने हात पुढे केला. पत्नीला दिलेल्या शब्दाचे कारण सांगून त्याने तो घेतला नाही. अधिकाऱ्याने प्रमाणपत्र परत ठेवून दिले. पुढे त्याने आपण पुरुषांशीही हस्तांदोलन करणार नाही असे सांगून पाहिले; न्यायालयाला ती निव्वळ क्लृप्ती वाटली. बाडेन-वुर्टेम्बेर्गच्या उच्च प्रशासकीय न्यायालयाने २०२० मध्ये त्याच्या विरुद्ध निकाल दिला, आणि साथीने हस्तांदोलन तूर्त थांबविले असले तरी त्याचे महत्त्व संपलेले नाही असेही नमूद केले.

अभिवादनाच्या चाली देशोदेशी भिन्न असतात ही माहिती शालेय पुस्तकांतही सापडते. जपानी माणूस किती अंशांनी वाकतो, थायलंडमध्ये जोडलेले हात छातीशी की कपाळाशी, फ्रान्समध्ये गालाला गाल किती वेळा लावावयाचा, माओरी लोक नाकाला नाक लावून श्वास कसा वाटून घेतात, याची वर्णने आपण कौतुकाने वाचतो. परंतु या चालींकडे गंमत म्हणून पाहण्यात एक मोठी गोष्ट निसटते. प्रत्येक अभिवादन स्पर्श करावयाचा की नाही, कोणी किती खाली व्हावयाचे आणि आधी कोणी करावयाचे या तीन प्रश्नांची उत्तरे देते, आणि ही तिन्ही उत्तरे म्हणजे त्या समाजाच्या उतरंडीची नोंदवही असते. थायलंडमध्ये धाकट्याने आधी हात जोडावयाचे असतात आणि समोरची व्यक्ती जितकी थोर तितके हात वर न्यावयाचे असतात. जपानी कचेरीत नव्या नोकराला वाकण्याचे अंश शिकवावे लागतात. म्हणूनच सत्ताधाऱ्यांना अभिवादनाची एवढी काळजी असते, आणि म्हणूनच विद्रोहाचा आरंभ पुष्कळदा अभिवादन नाकारण्यापासून होतो.

ज्या हस्तांदोलनाच्या रक्षणासाठी युरोप आज दंड आकारतो त्याचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. सतराव्या शतकातील इंग्लंडमध्ये वरिष्ठासमोर टोपी काढून वाकणे हा शिष्टाचार होता. क्वेकर पंथीयांनी तो नाकारला. ईश्वरापुढे सारी माणसे समान असतील तर माणसापुढे टोपी का काढावी, असा त्यांचा सवाल होता. १६७० मध्ये विल्यम पेन आणि विल्यम मीड यांना लंडनच्या न्यायालयात उभे करण्यात आले तेव्हा त्यांच्या डोक्यावर टोप्या नव्हत्या. न्यायासनाच्या हुकमाने त्या पुन्हा डोक्यांवर चढविण्यात आल्या आणि मग त्या काढल्या नाहीत म्हणून दोघांना दंड करण्यात आला! या क्वेकरांनी वाकण्याच्या जागी हातात हात देण्याची साधी, बरोबरीची रीत जवळ केली, आणि हस्तांदोलनाच्या प्रसारात त्यांचा वाटा होता असे अनेक इतिहासकार मानतात. सक्तीचे अभिवादन नाकारणाऱ्यांनी वाढविलेली ही रीत, आणि आज तिचीच सक्ती.

चीनच्या दरबारात सम्राटापुढे तीनदा गुडघे टेकून नऊ वेळा कपाळ जमिनीला लावावे लागे. १७९३ मध्ये ब्रिटिश वकील लॉर्ड मॅकार्टनी याने त्यास नकार दिला. आपल्या राजाच्या चित्रापुढे समान दर्जाचा चिनी अधिकारी तेवढेच करील तर आपणही करू, असा प्रतिप्रस्ताव त्याने ठेवला आणि अखेर एक गुडघा टेकून सुटका करून घेतली. हा प्रसंग युरोपीय पुस्तकांतून स्वाभिमानाचे उदाहरण म्हणून सांगितला जातो. एका परक्याने दुसऱ्याच्या देशात जाऊन तेथील अभिवादन नाकारले, असे तेच वृत्त आहे. फक्त नाकारणारा इंग्रज उमराव आहे, सीरियातला शाळकरी मुलगा नव्हे. आणि शासनाने अभिवादन ठरवून देण्याची परिसीमा पाहावयाची तर जर्मनीचाच दाखला आहे. १३ जुलै १९३३ च्या आदेशाने तेथील सरकारी नोकरांना हात उंचावून हिटलरचे नाव घेणे बंधनकारक झाले. आजच्या जर्मन न्यायालयाची त्या राजवटीशी तुलना करणे अन्यायाचे होईल, आणि तशी ती येथे केलेलीही नाही. मात्र अभिवादनाची सक्ती कोणत्या टोकाला जाऊ शकते याची आठवण ज्या देशाने सर्वांत अधिक ठेवावयाची, तेथेच हा निकाल लागावा याचे आश्चर्य वाटते.

या विषयात महाराष्ट्राला उपऱ्यासारखे बोलण्याचे कारण नाही. १७७९ साली मुंबईत सोनार समाजाने परस्परांना ‘नमस्कार’ म्हणावे की नाही असा वाद उपस्थित झाला. पुण्याहून आलेल्या तक्रारींवरून ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सरकारने चक्क ठराव केला, आणि सोनारांना हा शब्द वापरण्याचा अधिकार नाही असे त्यांच्या प्रमुखास कळविले. याच वर्षाच्या आरंभी वडगावला इंग्रज आणि मराठे एकमेकांशी लढले होते. बाकी कशावरही एकमत नसलेल्या दोन सरकारांचे नमस्कार कोणी करावा यावर मात्र एकमत होऊ शकले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा ठराव आपल्या लेखनात उद्धृत करून ठेवला आहे. त्या काळात नमस्कार कोणाचा, रामराम कोणाचा आणि जोहार कोणाचा याची वाटणी जन्मावरून झालेली होती. महारांच्या वाट्याला जोहार आला होता, आणि तो पुरेशा अंतरावरून घालावयाचा असे.

या जोहाराच्या जागी ‘जय भीम’ आला, ही महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासातील थोड्या अक्षरांची पण फार मोठी घटना आहे. कामठीचे कार्यकर्ते बाबू हरदास एल. एन. यांना या अभिवादनाच्या प्रवर्तनाचे श्रेय दिले जाते. शासनाने परिपत्रक काढले नव्हते, दंडही नव्हता. उलट तो शब्द उच्चारल्याबद्दल गावोगावी मार खावा लागला. तरीही तो रुजला. जोहार या शब्दाची गंमत अशी की झारखंडातील आदिवासी तोच शब्द आजही अभिमानाने वापरतात, कारण तेथे तो खालच्याने वरच्यास घालावयाचा नसून बरोबरीच्यांनी एकमेकांस करावयाचा आहे. अपमान शब्दात नव्हता, तो लादणाऱ्या व्यवस्थेत होता.

येथे एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. स्पर्श नाकारणे म्हणजे काय हे भारतीय वाचकाला युरोपीय न्यायाधीशापेक्षा अधिक कळते. अमुक माणसाला आपण शिवणार नाही असे म्हणणाऱ्याच्या धर्मश्रद्धेचा आदर करा, असे सांगणाऱ्यांना या देशाने, उशिरा का होईना, घटनेच्या सतराव्या अनुच्छेदाने उत्तर दिले. मग पुरुषाचा हात घेणारा परंतु स्त्रीचा नाकारणारा माणूस त्या स्त्रीला, विशेषतः अधिकारपदावर बसलेल्या स्त्रीला, कमी लेखत नाही काय? पुष्कळदा लेखतो. धर्माज्ञेत स्त्रीविषयी आदर आहे असे समर्थन केले जाते, पण ज्या आदरामुळे एका व्यक्तीला कचेरीत वेगळी वागणूक मिळते त्या आदराची चिकित्सा झालीच पाहिजे. अस्पृश्यतेतही पावित्र्याचीच भाषा होती. साथीच्या दिवसांत आपल्याकडे नमस्काराच्या शास्त्रीयतेचे पोवाडे गाणाऱ्यांना मात्र हा इतिहास आठवला नाही. फ्रान्सचे अध्यक्ष माक्राँ यांनी स्पेनच्या राजाराणीला हात जोडले, वॉशिंग्टनमध्ये ट्रम्प आणि आयर्लंडचे पंतप्रधान लिओ वराडकर यांनी परस्परांना हात जोडले, आणि वराडकरांचे मूळ मालवण तालुक्यातील वराडचे म्हणून आपल्याला विशेष आनंद झाला. तो होण्यात गैर काही नाही. परंतु दुरून करता येणाऱ्या नमस्काराची सोय रोगजंतूंच्या शोधाआधी कित्येक शतके कशासाठी होत होती, हेही सांगावयास हवे होते.

मात्र या आक्षेपाचे उत्तर सक्तीत नाही, समान वागणुकीच्या अपेक्षेत आहे. आणि हा भेद एका न्यायालयाला नेमका सापडला. स्वीडनमध्ये दुभाषाच्या नोकरीसाठी मुलाखतीला गेलेल्या एका मुसलमान तरुणीने पुरुष अधिकाऱ्याचा हात न घेता आपला हात स्वतःच्या छातीवर ठेवून अभिवादन केले. मुलाखत तेथेच संपली. स्त्री-पुरुषांना सारखे वागविण्याचा आग्रह धरण्याचा मालकाला अधिकार आहे, हे तेथील कामगार न्यायालयाने २०१८ मध्ये मान्य केले. पण या तरुणीने स्त्री-पुरुष दोघे समोर असतील तर दोघांनाही छातीवर हात ठेवूनच अभिवादन करण्याची तयारी दाखविली होती. मग समानता साधण्यासाठी हस्तांदोलनच हवे, हा हट्ट टिकत नाही, असे न्यायालयाने म्हटले आणि तिला ४० हजार क्रोनर भरपाई देवविली. थेरविलच्या शाळेने काढलेला तोडगा याच जातीचा होता.

हस्तांदोलनाची कसोटी कशाचे मोजमाप करते, हेही तपासावयास हवे. १९७३ मध्ये मायकेल स्पेन्स या अर्थशास्त्रज्ञाने श्रमाच्या बाजाराविषयी एक विचार मांडला, त्याला पुढे २००१ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. समोरच्याचे अंतरंग दिसत नसेल तेव्हा आपण बाह्य खुणांवरून अनुमान करतो. मात्र ती खूण विश्वसनीय असण्यासाठी एक अट असते: ज्याच्या अंगी गुण आहे त्याला ती स्वस्त पडावी आणि ज्याच्या अंगी नाही त्याला महाग. पदवी ही खूण म्हणून चालते, कारण मठ्ठ माणसाला ती मिळविणे कष्टाचे जाते. हस्तांदोलनाला ही अट लावून पाहावी. घरी बायकोला मारहाण करणाऱ्या, कचेरीत स्त्रियांची टवाळी करणाऱ्या माणसाला महिला अधिकाऱ्याचा हात क्षणभर हाती घेण्यास काय खर्च येतो? काहीही नाही. जो दांभिक आहे त्यालाही काही खर्च येत नाही. खर्च येतो तो फक्त आपला शब्द किंवा श्रद्धा गांभीर्याने घेणाऱ्याला. म्हणजे ही चाळणी ज्यांना अडवावयाचे त्यांना सोडते आणि ज्यांच्याशी वाद घालता आला असता त्यांना अडवते. समानता तपासावयाची तर त्या जर्मन डॉक्टरने रुग्ण स्त्रियांवर उपचार कसे केले, सहकारी स्त्रियांच्या हाताखाली काम कसे केले, हे पाहता आले असते. त्याला कष्ट पडतात. पुढे केलेला हात पाहण्याला पडत नाहीत. प्रशासनाला सोप्या मोजपट्ट्या नेहमीच प्रिय असतात.

आता आपल्याकडे. गुजरातेत १ जानेवारी २०१९ पासून हजेरीच्या वेळी विद्यार्थ्यांनी ‘जय हिंद’ किंवा ‘जय भारत’ म्हणावे असा आदेश निघाला. हरियाणाने १५ ऑगस्ट २०२४ पासून शाळांत ‘गुड मॉर्निंग’ ऐवजी ‘जय हिंद’ आणले. महाराष्ट्रात २०२२ च्या ऑगस्टमध्ये मंत्री सुधीर मुनगंटीवार यांनी सरकारी कर्मचाऱ्यांनी दूरध्वनीवर ‘हॅलो’ ऐवजी ‘वंदे मातरम्’ म्हणावे अशी घोषणा केली. वादंग माजले, सक्ती नसल्याचा खुलासा आला, आणि गांधी जयंतीच्या आदल्या दिवशी शासन निर्णय निघाला. ‘हॅलो’ला काही अर्थ नाही, हा त्यातील युक्तिवाद खरा आहे. दूरध्वनीवर तो शब्द रूढ व्हावा असा आग्रह एडिसनने धरला तो वंदनासाठी नव्हे, पलीकडच्याचे लक्ष वेधण्यासाठी. तो निरर्थक असल्यानेच कोणालाही तो उच्चारताना अडखळावे लागत नव्हते.

ज्या दोन शब्दांसाठी वंगभंगाच्या चळवळीत तरुणांनी लाठ्या झेलल्या, ते शब्द उच्चारण्यास तेव्हा धैर्य लागत होते. त्यांची किंमत त्या धैर्यावरून ठरत होती. आता ते कार्यालयीन कामकाजाचा भाग झाले तर उच्चारणाऱ्याविषयी ते काय सांगतील? आणि डेन्मार्कच्या नगराध्यक्षासमोरील नवनागरिकाला निदान नियम काय आहे ते ठाऊक होते. आपल्या शासन निर्णयात सक्ती नाही, आग्रह आहे. वरिष्ठांचा दूरध्वनी आला असता लिपिकाने ‘नमस्कार साहेब’ म्हटले तर त्याची नोंद गोपनीय अहवाल लिहिताना कोणाच्या मनात राहील की नाही, याविषयी त्या निर्णयात काही लिहिलेले नाही, आणि लिपिकाला तर पहिल्याच घंटीला काहीतरी बोलावयाचे असते.